सुई वळते, चालत नाही

दक्षिण कुठे आहे हे मला दुसरीत असल्यापासून माहीत आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि उजवा हात पसरायचा, की झालं. या ज्ञानाबद्दल मला आजवर कुणी बक्षीस दिलेलं नाही, पण कुणी शंकाही घेतली नव्हती. म्हणून सौर बंबाच्या अर्जात रकाना क्रमांक अकरापुढे, जिथे 'तावदानाचा रोख' असं छापलं होतं, तिथे मी ठसठशीत अक्षरात 'दक्षिण' असं लिहिलं आणि वीज कार्यालयाच्या खिडकी क्रमांक चारमधून अर्ज आत सरकवला. खिडकीतल्या बाईंनी तो वाचलाही नाही, नुसता बघितला आणि परत बाहेर सरकवला. म्हणाल्या, "ही दिशा झाली. रोख अंशांत लिहायचा असतो."

मी म्हटलं, मग एकशे ऐंशी लिहा. त्यावर त्यांनी काचेला आतून चिकटवलेल्या एका पिवळ्या पडलेल्या कागदाकडे पेनाने खूण केली. नियम असा होता, की रोख होकायंत्राने मोजावा. दोन निरनिराळ्या प्रकारच्या होकायंत्रांनी मोजावा. दोन्ही वाचनांत पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. आणि दोन्ही वाचनं अर्जदाराने स्वतः, दोन साक्षीदारांसमक्ष, पंधरा दिवसांच्या आत घ्यावीत. अंघोळीच्या पाण्यासाठी हे सगळं. ज्याने हा नियम केला तो इसम स्वतः आठवड्यातून किती वेळा अंघोळ करत असेल, हा विचार माझ्या मनात आला, पण मी तो बोलून दाखवला नाही. 'अर्जदाराने स्वतः' या शब्दांखाली कुणीतरी लाल रेघ मारली होती. ती रेघ पुढे मला भोवली.

बंबाची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. गच्चीवर फुकटचं ऊन पडून असतं आणि आपण विजेवर पाणी तापवतो, हा साक्षात्कार माझ्या बायकोला झाला. साक्षात्कार तिला होतात आणि रांगेत मी उभा राहतो, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे. गच्चीच्या ज्या कोपऱ्यात बंब बसणार होता त्याच कोपऱ्यावर आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींचा डोळा होता. त्यांना तिथे कुंड्या मांडायच्या होत्या. हा माणूस सूचनाफलकावर स्वतःची सही दिसावी म्हणून सूचना काढतो. गेल्या वर्षी त्याने 'जिन्यात विनाकारण थांबू नये' अशी सूचना लावली आणि ती वाचायला लोक जिन्यात थांबले.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण नंतर सांगायला जास्त लाज वाटेल. माझी कंबर दुखते. आणि माझा साडू चुंबकं विकतो. चुंबकाची गादी, चुंबकाची पाण्याची बाटली, चुंबकाचा पट्टा. माणसाचा असा एक अवयव नाही ज्याला लावायला त्याच्याकडे चुंबक नाही. या धंद्याची मी जन्मभर टिंगल केली. वर्तमानपत्रात 'चुंबक आणि अक्कल' या मथळ्याचं माझं पत्र छापून आलं, ते चौकट करून दिवाणखान्यात लावलेलं आहे. एकदा सासरेबुवांनी साडूच्या भिडेखातर मनगटात चुंबकाचं कडं घातलं, तर पंधरा माणसांच्या पंगतीत मी त्यांना विचारलं, की बाबा, टाचण्या वेचायचं काम घेतलंत का. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते काढून ठेवलं. तर असा मी, तीन महिने कंबरेने रडवल्यावर, ऑफिसच्या पत्त्यावर आणि शिपायाच्या नावाने चुंबकाचा पट्टा मागवला. बटणाएवढी बारा चुंबकं, सात पाठीशी आणि पाच पोटावर. तो मी बनियनच्या आत बांधत होतो आणि न्हाणीघराबाहेर कधी सोडत नव्हतो. बायकोलाही पत्ता नव्हता. वाईट म्हणजे गुण येत होता.

पहिलं होकायंत्र मी कोपऱ्यावरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानातून आणलं. हा या यंत्राचा सर्वांत गरीब प्रकार. पत्र्याची डबी, मधे एक खिळा, खिळ्याच्या टोकावर तोललेली चुंबकाची सुई. पृथ्वी स्वतःच एक मोठं आणि ढिलं चुंबक असल्यामुळे सुईचं एक टोक उत्तरेकडे वळतं, अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात ती सुई आधी पाच मिनिटं हेलकावत राहिली, कारण तिला आवरायला डबीत काहीच नसतं, आणि मग थांबली ती माझ्या पोटाकडे टोक करून. मी उजवीकडे वळलो. सुईही वळली. मी गच्चीला एक फेरी मारली आणि सुई पूर्ण फेरीभर माझ्याकडे बघत राहिली. मी डबी बंद केली आणि दुकानदाराला नेऊन परत दिली. त्याला सांगितलं, की पोरांना असला माल विकतोस म्हणून ती मोठेपणी रस्ता चुकतात.

दुसरं होकायंत्र सेक्रेटरींच्या फोनमध्ये होतं. साक्षीदार म्हणून मी त्यांना बोलावलं, ते यंत्रासकट आले. फोनमध्ये सुई नसते. आत तांदळाच्या दाण्याएवढ्या चकतीवर तीन संवेदक बसवलेले असतात, एक आडवा, एक उभा, एक वरखाली. आजूबाजूचं चुंबकीय बळ तिन्ही बाजूंनी किती आहे ते मोजून फोन उत्तरेचा हिशेब करतो आणि पडद्यावर सुईचं चित्र काढून दाखवतो. पण आधी त्याचं समाधान करावं लागतं. त्यासाठी फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा असतो. सेक्रेटरींनी आठ काढले. मग मी काढले. मग दुसरे साक्षीदार, तिसऱ्या मजल्यावरचे कप्तान, यांनी काढले. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी हे बघून खिडकी लावून घेतली. एवढं करून तो फोन सेक्रेटरींच्या हातात एकशे पंचाहत्तर म्हणाला आणि माझ्या हातात येताच 'अडथळा जाणवतो, दूर जा' असं लिहून मोकळा झाला. सेक्रेटरी म्हणाले, फोन माणूस ओळखतो. मी म्हटलं, मग त्याला अर्जावर सही करायला सांगा.

शेवटी बायकोने तिच्या वडिलांना बोलावलं.

माझे सासरे जमीन मोजणी खात्यात चौतीस वर्षं होते. निवृत्त झाले तेव्हा खात्याने ज्या होकायंत्रावर ते काम करत तेच त्यांना भेट दिलं, आणि खात्याच्या हातून घडलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट असावी. ते सकाळच्या बसने आले, कातडी पेटी मांडीवर घेऊन. पितळेची बशीएवढी डबी. हिच्यात सुई फिरत नाही, सुईला चिकटवलेली आख्खी तबकडी फिरते, आणि तबकडीच्या काठावर अंश छापलेले असतात. एका बाजूला लोलक, समोरच्या बाजूला उभी पट्टी, आणि पट्टीच्या फटीत ताणलेला घोड्याचा केस. लोलकाच्या खाचेला डोळा लावला, की लांबची खूण, केस आणि आकडा एकाच वेळी दिसतात. आकडे तबकडीवर उलटे छापलेले असतात म्हणजे लोलकातून सुलटे दिसतात. तबकडी फार हेलकावली, की पट्टीखालचं बटण हलकेच दाबून तिला शांत करायचं. सासरेबुवा ते बटण असं दाबत, की झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालतायत असं वाटावं.

सेक्रेटरींनी वाकून तबकडी पाहिली आणि जाहीर केलं, की ही छपाईच चुकलेली आहे, शून्य दक्षिणेला लिहिलंय. सासरेबुवा चिडले नाहीत. "साहेब, वाचणारा अलीकडच्या बाजूला उभा असतो," ते म्हणाले. "तो उत्तरेकडे बघतो तेव्हा तबकडीची दक्षिण त्याच्या नाकाखाली येते. म्हणून शून्य तिथे." सेक्रेटरींना यातलं काही समजलं नाही, आणि न समजलेल्या गोष्टीला ते नेहमी देतात तशी त्यांनी मान्यता दिली.

गच्चीच्या दाराशी एक खूण, कठड्याशी दुसरी; या रेघेच्या दिशेने तावदान बघणार होतं. सासरेबुवांनी दारापासून वाचन घेतलं, एकशे चौऱ्याहत्तर. मग तिपाई उचलून कठड्याशी गेले आणि उलटं वाचन घेतलं, तीनशे चौपन्न. दोन्ही टोकांच्या वाचनांत बरोबर एकशे ऐंशीचा फरक आला म्हणजे रेघ शुद्ध. तसा नाही आला, तर दोन्हींपैकी एका टोकाशी कुठेतरी लोखंड दडलेलं आहे. त्याला मोजणीवाले स्थानिक आकर्षण म्हणतात. इथे फरक बरोबर होता. फोन एकशे पंचाहत्तर, डबी एकशे चौऱ्याहत्तर. काम संपलं होतं. पण लाल रेघेप्रमाणे वाचन अर्जदाराने स्वतः घ्यायचं होतं. तिपाई परत दाराशी आणली, मी तिच्यावर ओणवा झालो, खाचेला डोळा लावला, आणि मला स्पष्ट दिसलं, एकशे त्रेपन्न.

सासरेबुवांनी पुन्हा बघायला सांगितलं. पुन्हा एकशे त्रेपन्न. मला लांब उभं करून त्यांनी स्वतः बघितलं, एकशे चौऱ्याहत्तर. मग त्यांनी सगळ्यांना अंगावरचं लोखंड काढायला लावलं. सेक्रेटरींनी किल्ल्यांचा जुडगा आणि कमरेचा पट्टा काढला आणि विजार एका हाताने धरून उभे राहिले. कप्तानांनी चष्मा काढला आणि मग त्यांना कुठलंच यंत्र दिसेना. मी घड्याळ, पेन, किल्ल्या, नाणी असं सगळं एका ताटलीत ठेवलं.

"एवढंच ना, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

आता तुम्ही मला खोटारडा म्हणाल. पण माझी बाजू ऐका. चुंबकाच्या पट्ट्याचा कशावरही काहीही परिणाम होत नाही, हे माझं छापून आलेलं मत होतं. ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की पट्टा यात कुठे येतो असं मला खरोखर वाटलं नाही. शिवाय सेक्रेटरींसमोर शर्ट वर करायची माझी तयारी नव्हती. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं जास्त खरं ते विचारू नका.

लोखंड काढूनही माझं वाचन एकशे त्रेपन्नच आलं. सेक्रेटरी विजार सावरत म्हणाले, यंत्र म्हातारं झालंय, चुंबक उतरलं असणार. सासरेबुवा पुन्हा खाचेशी वाकले, फार वेळ बघत राहिले. मला ऊन लागत होतं, कंबर ठणकत होती, आणि सगळ्यांवर राग होता. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही मोजलेल्या गावांतले निम्मे लोक मग शेजाऱ्याच्या अंगणात झोपत असतील." सगळे हसले. सासरेबुवाही हसले, आणि त्यांनी पेटीचे बंद लावले.

संध्याकाळी ते मोजणीच्या जुन्या वह्या काढून बसले. त्या वह्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या हेच आम्हाला माहीत नव्हतं. बायकोने विचारलं तर म्हणाले, की मी सवयीने वाचत असेन. यंत्र काय दाखवतं ते मला दिसतच नसेल, मनात आहे तेच दिसत असेल. नवा डोळा बघतो ते खरं. बायकोने माझ्यापुढचा चहा उचलून त्यांच्यापुढे ठेवला. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

दुसऱ्या दिवशी कप्तान सांत्वनाला आले. कप्तान म्हणजे नावाचेच. जहाजावर ते स्वयंपाकघरात होते, पण बारा वर्षं कांदे चिरून निवृत्त झालेल्या माणसाला इमारतीत इज्जत मिळत नाही, म्हणून त्यांनी किनाऱ्यावर आल्यावर स्वतःला बढती दिली. त्यांनी जहाजाच्या होकायंत्राचं वर्णन सुरू केलं. तिथली तबकडी वाडग्यातल्या दारूसारख्या द्रवात तरंगते म्हणजे हेलकावत नाही. तो वाडगा एकात एक अशा दोन कड्यांत टांगलेला असतो म्हणजे जहाज कितीही कललं तरी वाडगा सपाट राहतो. आणि दोन्ही बाजूंना नारळाएवढे लोखंडी गोळे असतात, कारण जहाज स्वतःच लोखंडाचं असतं आणि त्याचा पक्षपात कुणीतरी खोडून काढायला हवा. मोठ्या जहाजावर आणखी एक यंत्र असतं, त्यात चुंबकच नसतं, नुसतं जोरात फिरणारं चाक. ते पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर शोधतं आणि लोखंडाला भीक घालत नाही. मी विचारलं, तुम्ही हे सगळं पाहिलंत कधी. म्हणाले, चहा घेऊन जायचो ना वर.

मग त्यांनी बायकोकडून वाडगाभर पाणी, शिवणाची सुई आणि बाटलीचं बूच मागून घेतलं. सर्वांत जुनं होकायंत्र दाखवतो म्हणाले. शीतकपाटाच्या दारावर चिकटवलेलं चुंबक काढून त्यावर सुई एकाच दिशेने चाळीस वेळा घासली, बुचाच्या चकतीवर आडवी ठेवली आणि चकती वाडग्यात सोडली. मी टेबलाला पोट लावून बघत होतो. चकती आधी हळूच वळली. मग चालायला लागली. वाडग्याच्या मधून निघून ती सरळ माझ्या बाजूला आली, काठाला नाक लावलं आणि तिथेच थांबली. कप्तानांनी बोटाने तिला परत मधे नेलं. ती परत आली.

कप्तान गंभीर झाले. "सुई वळते," ते म्हणाले. "पृथ्वी तिला वळवते, ओढत नाही. उत्तर फार लांब आहे, म्हणून दोन्ही टोकांना सारखीच ओढ बसते आणि सुई जागच्या जागी फिरते. कुणाकडे चालत गेली, तर समजायचं चुंबक जवळ आहे. वर चहा नेताना आधी माझी सुरी काढून घ्यायचे." मग त्यांनी टेबलाखाली डोकं घालून खिळे तपासले. मी पोट आत घेतलं. सात चुंबकं पाठीला आणि पाच पोटाला एकदम थंड लागली, आणि गच्चीवरची ती डबीतली सुई माझ्याकडे का बघत होती ते मला समजलं.

शहाण्या माणसाने इथे आतल्या खोलीत जाऊन सासऱ्यांना सांगितलं असतं. मी युक्ती केली. दुसऱ्या दिवशी पट्टा न्हाणीघरात बादलीखाली लपवला आणि सगळ्यांना पुन्हा गच्चीवर नेलं. खाचेला डोळा लावला, एकशे चौऱ्याहत्तर. मी मोठ्याने वाचून दाखवलं. वाटलं, संपलं. यंत्राची अब्रू राहिली, माझीही राहिली.

सेक्रेटरींनी सही करायचं नाकारलं. म्हणाले, परवा हीच डबी एकशे त्रेपन्न म्हणत होती, आज एकशे चौऱ्याहत्तर म्हणते, उद्या काय म्हणेल? दोन दिवसांत एकवीस अंश बदलणाऱ्या वस्तूवर मी साक्षीदार म्हणून सही करणार नाही. आयुष्यात प्रथमच तो माणूस तर्काला धरून बोलत होता आणि नेमकं तेव्हाच मला ते नको होतं. मी कप्तानांकडे पाहिलं. त्यांनी समुद्राच्या बाजूला पाहिलं. म्हणजे समुद्र तिकडे असेल असं त्यांना वाटत असावं. आणि सासरेबुवा म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. चुकतं ते यंत्र चालतं, किती चुकतं ते माहीत असलं की झालं. रोज वेगळं चुकतं ते ठेवू नये. खाली आल्यावर त्यांनी यंत्र एका फडक्यात गुंडाळलं आणि कातडी पेटी मुलीला दिली. म्हणाले, बटणं ठेवायला चांगली आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघालो तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. जाताना टपालपेटीत टाका म्हणाले. पाकीट उघडंच होतं, तिकीट मात्र लावलेलं होतं. मी विचारलं, कुणाला. तेव्हा त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी दोन भावांची वाटणी मोजली होती. विहीर कुणाच्या बाजूला येते यावर तंटा होता, आणि त्यांच्या रेघेप्रमाणे ती थोरल्याकडे गेली. धाकटा तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, साहेब, तुमची पेटी चुकतेय. "मी त्याला हसलो होतो," सासरेबुवा म्हणाले. "त्याला कळवायला पाहिजे, की चूक असू शकते."

मी ते पत्र जिन्यात वाचलं. मोजणीवाल्यांचं गोल, सरळ अक्षर, खाडाखोड नाही. माझे यंत्र व माझे डोळे यांवर माझा विश्वास राहिलेला नाही, असं एक वाक्य होतं. टपालपेटीपर्यंत मी गेलो. पाकीट फटीत अर्धं घातलंही. एका माणसाची विहीर, दुसऱ्याचं आयुष्यभराचं काम, आणि हे सगळं बनियनच्या आत बांधलेल्या बारा बटणांसाठी. त्या वेळी मला माझी जेवढी घृणा वाटली तेवढी साडूचीही कधी वाटली नसेल. मी पाकीट ओढून काढलं, घरी परत आलो, आणि दार लावून सासऱ्यांना सांगितलं. शर्ट वर करून पट्टा दाखवलाही.

त्यांनी वाकून पट्टा बघितला. मला वाटलं, आता टाचण्यांचं काहीतरी निघणार. निघालं नाही. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, चार तुकडे केले, आणि म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? यंत्राची बेअब्रू साक्षीदारांसमोर झाली. साक्षीदारांसमोर सांगा."

मग जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण विस्तार करणारे इमारतीत पुष्कळ आहेत. दुपारी चार वाजता मी गच्चीवर, शर्टाच्या वरून चुंबकाचा पट्टा बांधून, खांबासारखा उभा राहिलो. मी दोन साक्षीदारांना बोलावलं होतं, आले चौदा. कप्तान आपला बुचाचा वाडगा घेऊन आले आणि तो माझ्या पोटासमोरून नेऊन सगळ्यांना चकतीचं चालणं दाखवत राहिले. बायको कठड्याशी उभी होती. तिने पट्टा पाहिला, मग मला पाहिलं, आणि म्हणाली, "म्हणून गेले दोन महिने माझ्या शिवणाच्या पिना तुमच्या पाठीला सापडत होत्या."

सासरेबुवांनी यंत्र फडक्यातून काढलं आणि तिपाईवर चढवलं. त्यांनी मला आधी दोन फुटांवर उभं केलं, मग चार, मग सहा, आठ, दहा. प्रत्येक ठिकाणी वाचन घेतलं, वहीत मांडलं. मग मला पाठमोरा केलं आणि सगळं पुन्हा घेतलं. मी वळलो, की तबकडी वळायची, आणि दर वेळी ते बटण दाबून तिला शांत करायचे. दहा फुटांवर माझा प्रभाव संपला. त्यांनी वही सेक्रेटरींपुढे धरली आणि आकडा-आकडा बोट ठेवून समजावला, आणि सेक्रेटरींना या वेळी खरोखर समजलं, कारण कारण समोर उभं होतं. मी तीन दिवसांत सासऱ्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांना डोंगर, रेल्वेचे रूळ, पुलाचे खांब असली आकर्षणं भेटली होती, नात्यातलं पहिलंच.

मग पट्टा खाली ठेवून, लाल रेघेप्रमाणे, मी स्वतः दोन्ही वाचनं घेतली. फोन एकशे पंचाहत्तर, डबी एकशे चौऱ्याहत्तर. दोन्ही साक्षीदारांनी सह्या केल्या. संध्याकाळी साडूचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी गेली ते मी विचारलं नाही. तो अजिबात हसला नाही, हे त्याचं मला सर्वांत जास्त लागलं. आस्थेने एवढंच विचारलं, की कंबरेला फरक आहे ना, आणि गिऱ्हाइकांना दाखवायला पट्ट्यासकट एक फोटो मिळेल का.

चौदाव्या दिवशी मी आणि सासरेबुवा अर्ज घेऊन खिडकी क्रमांक चारवर गेलो. अर्ज त्यांनीच भरला होता, त्यांचं अक्षर चांगलं म्हणून मी फक्त सही केली होती. बाईंनी या वेळी वाचला. अकरावा रकाना, बारावा, तेरावा. चौदाव्यावर त्यांचं पेन थांबलं. त्या रकान्यात 'वाचनावर परिणाम करणारी लोखंडी अथवा चुंबकीय वस्तू, असल्यास' असं छापलेलं होतं, आणि पुढे गोल, सरळ अक्षरात, खाडाखोड न करता लिहिलं होतं: जावई. अंतर दहा फूट.

बाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "ही वस्तू जागेवर कायमची आहे का?" त्यांनी विचारलं.

"कायमची आहे," सासरेबुवा म्हणाले. "पण सांगितलं की बाजूला होते."

बाईंनी शिक्का मारला.